मनी प्लांट पिवळा पडतोय: कुंडी बदलावी की फांद्या पाण्यात लावाव्यात?

खालची पानं पिवळी पडतात, वेल मान टाकतो आणि आपण घाईघाईने आणखी पाणी घालतो. घात इथेच होतो. तहानलेला वेल जसा मलूल दिसतो, तसाच मुळं कुजलेलाही दिसतो. खरं काय ते माती सांगते. मातीत बोट दोन पेरं खुपसून बघा. आत कोरडं लागलं आणि कुंडी हलकी वाटली, तर भरपूर पाणी द्या. पानं बहुधा दिवसभरात सावरतात.

माती ओली असूनही वेल मरगळलेला असेल, तर मुळं गुदमरलेली असणार. मातीतल्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळांना हवा मिळत नाही आणि कुज धरते. अशा वेळी वेल कुंडीतून बाहेर काढाच. पांढरट, टणक मुळं जिवंत असतात. तपकिरी, कुबट वासाची, ओढली की साल निसटून येणारी मुळं मेलेली समजा.

निम्म्याहून जास्त मुळं चांगली असतील, तर कुंडी बदलणंच सरस, कारण वेलाची लांबी आणि भरगच्चपणा टिकतो. कुजलेली मुळं स्वच्छ कात्रीने छाटा आणि जुनी माती झटकून टाका. नवी कुंडी उरलेल्या मुळांपुरतीच घ्या, खाली भोकं असलेली. मोठी कुंडी देण्याचा मोह मलाही होतो, पण जादा माती फार दिवस ओली राहते. मातीत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाईट (हलके, पांढरे खडे) मिसळा. नवं पान फुटेपर्यंत खत नको.

मुळं जवळजवळ संपली असली आणि वरची खोडं कडक असली, तर वेलावर वेळ घालवू नका. फांद्या कापून पाण्यात लावा. काप पेराच्या, म्हणजे खोडावर पान फुटतं त्या गाठीच्या, थोडा खाली घ्या, कारण नवी मुळं पेरातूनच फुटतात. पेराविना नुसतं पान पाण्यात कितीही दिवस ठेवलं, तरी त्याचा वेल होत नाही. पेर पाण्यात, पानं बाहेर, जागा उजेडाची पण कडक उन्हाची नाही, आणि आठवड्याला ताजं पाणी. उबदार हवेत साधारण 2 ते 4 आठवड्यांत मुळं दिसतात. ती 2–3 इंचांची झाली की मातीत लावा. पाण्यात फार काळ वाढलेल्या मुळांना माती जड जाते.

मी कुंडी बदलतानाही एक-दोन फांद्या पाण्यात ठेवतेच. कुज थोडी जरी मागे राहिली तरी वेल पुन्हा मान टाकतो, तेव्हा हाताशी त्याच फांद्या असतात. छाटलेले तुकडे मात्र लगेच उचला: त्यातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या स्फटिकांनी कुत्र्या-मांजरांच्या तोंडाची आग होते.