उंची वाढवून देतो म्हणून माझे २,९०,५०० रुपये कसे नेले

नाशिकमधील एका उंचीवाढ सल्ला केंद्राने माझ्याकडून एकूण २,९०,५०० रुपये उकळले. नोंदणीचे ५,०००, एक्स-रे आणि रक्ततपासण्यांचे १८,५००, ‘पूर्वतयारी’च्या पावडरी व इंजेक्शनांचे ४२,००० आणि पायांच्या शस्त्रक्रियेची तारीख राखून ठेवण्यासाठी २,२५,०००, असा त्याचा हिशेब आहे. शेवटची रक्कम भरल्यावर काही आठवड्यांतच केंद्राला कुलूप लागले, फोन बंद झाले आणि परराज्यातील ज्या रुग्णालयात माझी तारीख ठरल्याचे सांगितले होते, त्या रुग्णालयाने या केंद्राशी आपला काडीचाही संबंध नसल्याचे कळवले. अशी दुकाने कशी चालतात हे वाचकांना नव्याने सांगायला नको. जाहिरात, गोडबोला सल्लागार, संपत आलेली सवलत, सगळे तेच. त्यामुळे इतरत्र सहसा वाचायला मिळत नाही तेवढेच लिहितो.

माझी उंची पाच फूट एक इंच, म्हणजे सुमारे १५५ सेंटीमीटर आहे. एवढ्यासाठी कोणी पायांची हाडे कापून घेतो का, असे ज्यांना वाटते त्यांनी आधी माझ्या जागी दहा वर्षे काढावीत. पहाटे गोल्फ क्लब मैदानावर मी पोलीस भरतीच्या मुलांबरोबर धावत असे आणि त्यांच्यातल्या अनेकांच्या पुढे असे, पण पुरुषांसाठी १६५ सेंटीमीटरची अट असल्याने अर्ज भरण्याचाही प्रश्न नव्हता. पुढे लग्नाचे पाहू लागल्यावर नोकरी, घर, शिक्षण सगळे पसंत पडायचे आणि बोलणी उंचीच्या रकान्यापाशी अडायची. एका ठिकाणी चहापोहे झाल्यावर मुलीचे मामा मला म्हणाले, “जरा हिच्याशेजारी उभे राहता का?” मी उभा राहिलो. खोलीत कोणी काही बोलले नाही, आणि दुसऱ्या दिवशी “मुलगा चांगला आहे, पण जोडा शोभत नाही” असा निरोप आला. ज्या माणसाला असे उभे केले गेले आहे, त्याला, मला कबूल केलेल्या तीन इंचांची किंमत शिकवायला कोणी येऊ नये.

आता मुख्य गोष्ट. केंद्रात पहिल्यांदा माझी उंची मोजली ती संध्याकाळी साडेसातच्या सुमारास, अंबडच्या कारखान्यात दिवसभर गोदाम आणि कार्यालय यांच्यात फेऱ्या मारून आल्यावर. सरकती लाकडी पट्टी डोक्याला टेकली, सल्लागाराने कार्डावर १५४.८ असा आकडा लिहिला आणि त्याखाली माझी सही घेतली. पावडरी आणि इंजेक्शने संपल्यावर दुसरी मोजणी ठरली ती मात्र सकाळी सातची, कारण “रक्त द्यायचे आहे, उपाशीपोटी या.” तीच भिंत, तीच पट्टी, आणि आकडा आला १५६.१. सल्लागाराने दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि म्हणाला, “सर, नुसत्या औषधाला तुमचे हाड एवढी साथ देते, तर शस्त्रक्रियेला किती देईल!” त्याच दुपारी मी मुदत ठेव मोडून २,२५,००० रुपये भरले.

माणसाच्या मणक्यांमधल्या चकत्या दिवसभराच्या भाराने पाणी सोडून दबतात आणि रात्री आडवे पडल्यावर पुन्हा फुगतात, त्यामुळे कोणाचीही उंची सकाळी उठल्यावर संध्याकाळपेक्षा सेंटीमीटरभर किंवा त्याहून थोडी अधिक भरते. ज्याला पटत नसेल त्याने आज रात्री आणि उद्या सकाळी उठल्याउठल्या घरीच मोजून पाहावे. मला ४२,००० रुपयांत विकली गेलेली वाढ ती हीच. पहिली मोजणी संध्याकाळी होती तर दुसरी सकाळी का, एवढे एक वाक्य त्या क्षणी तोंडातून निघायला हवे होते, आणि ते निघाले नाही याची आग आजही शांत होत नाही. पण रक्त घेणारा माणूस खरोखर तिथे होता, त्याने सुई खरोखर टोचली, आणि उपाशीपोटी सकाळी बोलावणे ही कोणत्याही प्रयोगशाळेची रीत आहे. मी हिशेबनीस आहे, दोन कागदांवरचे आकडे ताडून पाहणे हेच माझे काम आहे. दोन्ही आकडे खरे असताना त्यांच्यामधली वेळ खोटी आहे, हे ताडून पाहायला मला कोणीच शिकवले नव्हते.

एक्स-रेचा प्रकार याहून निर्लज्ज होता. काचेमागचा दिवा लावून सल्लागाराने गुडघ्याची फिल्म दाखवली, हाडाच्या टोकाजवळची काळसर रेघ पेनाने दाखवली आणि सांगितले की तुमची वाढीची जागा अजून उघडी आहे. माझे वय त्या वेळी २९ होते. फिल्मच्या कोपऱ्यात माझे नाव हाताने लिहिलेली पांढरी चिकटपट्टी होती. मी तिच्याबद्दल विचारलेही, तर “मशीनवर नाव चुकले होते, दुरुस्त केले” असे उत्तर मिळाले. केंद्र बंद पडल्यावर मी घरी ती पट्टी ओल्या कापसाने सोडवली. खाली दुसरेच नाव होते आणि वय छापले होते १४. मी ज्या अस्थिरोग डॉक्टरांकडे नंतर गेलो, त्यांनी समजावले की वाढीच्या कूर्चा, म्हणजे हाडाच्या टोकाजवळची हीच वाढीची जागा, मुलींमध्ये साधारण चौदा ते सोळा आणि मुलांमध्ये सोळा ते अठराच्या आसपास हाडात मिसळून जातात, आणि त्यानंतर कोणतीही पावडर, गोळी किंवा वाढीचे संप्रेरकही उंची वाढवू शकत नाही. स्वतःच्या फिल्मवर छापलेले नाव, वय आणि तारीख वाचल्याशिवाय कोणाचेही निदान ऐकून घेऊ नका.

शस्त्रक्रिया मात्र खरी आहे, आणि म्हणूनच या लोकांचे फावते. सोव्हिएत रशियातील कुर्गान येथे गाव्रिल इलिझारोव या डॉक्टरांनी १९५० च्या दशकात हाड कापून, त्याची टोके हळूहळू दूर नेऊन मधल्या जागेत नवे हाड तयार करण्याची पद्धत विकसित केली, ती न जुळणाऱ्या हाडांसाठी आणि लहान-मोठ्या पायांसाठी. आज उंचीसाठीही ती वापरतात, बाहेरच्या कड्यांनी किंवा हाडाच्या आत बसवलेल्या सळईने. मला सांगितले होते, “तीन महिन्यांत तीन इंच आणि चौथ्या महिन्यात कामावर.” प्रत्यक्षात हाड रोज सुमारे एक मिलिमीटरच ताणता येते, म्हणजे तीन इंचांना नुसते ताणायलाच अडीच महिने, आणि ते नवे हाड भार घेण्याइतके पक्के व्हायला त्यानंतर आणखी कित्येक महिने लागतात. त्या काळात रोजचा व्यायाम चुकला तर टाच जमिनीला टेकेनाशी होते, शिवाय सळ्यांच्या तोंडाशी जंतुसंसर्ग, नस ताणली जाणे, हाड न जुळणे हे धोके आहेतच. यातले एक अक्षरही केंद्रात कोणी उच्चारले नाही. “घरी सांगू नका, घरचे उगाच घाबरतात” हे मात्र प्रत्येक भेटीत ऐकवले. २०१६ मध्ये हैदराबादच्या एका तरुण अभियंत्याने घरी न सांगता हीच शस्त्रक्रिया करून घेतली आणि त्यावरून केवढा गदारोळ झाला, ते वाचलेले असूनही मी घरी बोललो नाही, कारण लाज वाटत होती, आणि त्या लाजेवरच यांचे पोट भरते. घरी सांगू नका म्हणणाऱ्याच्या दारातून तिथल्या तिथे परत फिरा.

तक्रारीचे काय झाले ते लिहिताना हात थरथरतो. पोलीस ठाण्यात हवालदाराने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळले, बाजूच्याला काहीतरी म्हणाला, दोघे हसले, आणि मग “पैसे तुम्ही स्वतःहून दिलेत, हा दिवाणी वाद आहे” असे सांगून अर्ज ठेवून घेतला, पण पोच दिली नाही. दुसऱ्या एका कार्यालयात सांगण्यात आले की सल्लागार नोंदणीकृत डॉक्टर नसल्याने त्याच्यावर कारवाई करण्याचा अधिकार आम्हाला नाही. म्हणजे खऱ्या डॉक्टरने चूक केली तर विचारणार आणि डॉक्टर नसलेल्याने डॉक्टरकी केली तर सोडून देणार. तिसरीकडे पावडरीचे बिल मागितले, आणि माझ्याकडच्या पावत्यांवर तर ‘समुपदेशन सेवा शुल्क, विनापरतावा’ एवढेच लिहिलेले. बँकेने सांगितले की व्यवहार तुमच्याच मंजुरीने झाला आहे. उंची वाढवण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या औषधी व जादूटोणा उपाय कायद्याने बंदी आहे, परिशिष्टात शरीराच्या उंचीचा उल्लेख आहे. ते पान मी छापून नेले होते. साहेबांनी ते न वाचता परत सरकवले. माझे पैसे नेणाऱ्यांनी निदान माझ्याशी आदराने बोलण्याचे कष्ट घेतले होते, ज्यांना पगारच या कामाचा मिळतो त्यांनी तेवढेही केले नाही.

पोच मिळाल्याशिवाय ठाण्यातून उठू नका. गुन्हा नोंदवण्यास नकार मिळाला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे टपालाने वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांकडे आणि तिथेही दाद न मिळाल्यास दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते; मी आता त्याच वाटेने गेलो आहे. ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करा, आठवड्याने केलेला फोन फारसा कामाचा नसतो. पावतीवर शस्त्रक्रिया, रुग्णालय आणि शल्यचिकित्सक यांची नावे नसतील तर एक रुपयाही देऊ नका, आणि रुग्णालयाला स्वतः शोधलेल्या क्रमांकावर फोन करा, सल्लागाराने दिलेल्या नव्हे.

ग्राहक आयोगाकडेही मी तक्रार दाखल केली आहे. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क लागत नाही, मात्र घटनेपासून दोन वर्षांच्या आत जावे लागते. एकाच रीतीने फसलेल्या अनेकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते. त्या केंद्राच्या बाकड्यावर माझ्याबरोबर बसलेल्यांमध्ये सिन्नरची एक मुलगी होती, तिची आई होती, आणि दोन कॉलेजची मुलेही होती. त्यांच्यापैकी कोणी हे वाचत असेल तर पावडरीचे डबे, उंचीचे कार्ड आणि फिल्म फेकून देऊ नका, आणि फिल्मवरची चिकटपट्टी माझ्यासारखी घरी न सोडवता साक्षीदारासमोर सोडवा.