स्वीडनचा उन्हाळा: जूनचा मिडसमर की ऑगस्टमधली क्रेफिश पार्टी?

मिडसमर या उन्हाळी सणाची पूर्वसंध्या नेहमी शुक्रवारी येते, १९ ते २५ जूनच्या दरम्यान. पानाफुलांनी मढवलेला खांब उभा करायचा आणि आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळ्यांनी त्याभोवती बेडकासारख्या उड्या मारायच्या. दालार्ना प्रांतातल्या लेक्सांदला तर हजारोंची गर्दी. जेवायला मुरवलेला हेरिंग मासा, शेपू घालून उकडलेले कोवळे बटाटे, शेवटी स्ट्रॉबेरी. मात्र त्या दिवशी स्टॉकहोम ओस पडतं; ओळखीचं कुणी नसेल तर पंचाईतच.

ऑगस्टचा बेत घरगुती. डोक्यावर कागदी टोप्या, गळ्यात लाळेरी, वर टांगलेले हसऱ्या चंद्राचे कंदील. फुलोऱ्यावर आलेल्या शेपूसोबत उकडून गार केलेले क्रेफिश, म्हणजे गोड्या पाण्यातली छोटी शेवंडच म्हणा. खेकड्यासारखे हातांनी फोडायचे आणि सुर्र आवाज करत रस ओढायचा. एरवी इतकी शिस्तीची ही माणसं, पण इथे आवाज चालतो! पूर्वी ऑगस्टआधी क्रेफिश पकडायला बंदी होती, म्हणून हा महिना ठरला.

शाकाहाऱ्यांनी जूनच धरावा, बटाटे-स्ट्रॉबेरी तरी मिळतील. मला विचाराल तर ऑगस्ट. मिडसमरला पाऊस हमखास गाठतो, आणि ओल्या गवतात बेडूकउड्या माझ्या गुडघ्यांना झेपत नाहीत.