गोल कार्डवरचे पाच लाख

फेसबुकवर तुमच्यापैकी कुणी तो फोटो पाहिला असेल, तर सांगते, फोटो माझाच आहे. पिवळा कुर्ता, गळ्यात लाल पट्टीचं ओळखपत्र, हातात पांढरं कार्ड आणि त्यावर जाड मार्करनं लिहिलेलं '५,००,०००'. खाली ओळ आहे, 'लातूरच्या फिजिओथेरपिस्ट मॅडम ९० दिवसांत पोहोचल्या महिना पाच लाखांवर'. अक्षर माझं आहे, आकडाही मीच लिहिला. पण ती कमाई कधी झालीच नाही. क्लिनिकची कमाई वाढवायला शिकवणाऱ्या एका कोर्सची ही जाहिरात अजून फिरतेय, आणि ती पाहून दोघी-तिघींनी मला फोन करून विचारलं, 'ताई, घेऊ का कोर्स?' म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकते.

औसा रोडला माझं छोटं क्लिनिक आहे. तळमजल्यावरचा एक गाळा, तीन बेड, आणि आयएफटी, अल्ट्रासाउंड, ट्रॅक्शन ही दुखण्यावर उपचार करायची मशीन. रुग्णांच्या भाषेत सगळं एकच : 'शेक' नाहीतर 'करंट'. एका सिटिंगचे ३०० रुपये. दिवसाला दहा-बारा पेशंट झाले की दिवस चांगला. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर हातात पंचाहत्तर ते नव्वद हजार, त्यातून भाडं १४,०००, मदतनीस मुलीचे ९,०००, लाईटबिल, मशीनची दुरुस्ती. वाईट नाही. पण मृगाचा पाऊस पडला की निम्मे पेशंट गायब होतात. गुडघा दुखत असतोच, पण पेरणी थांबत नाही. २०२४ च्या जूनमध्ये एक दिवस असा गेला की मी आणि मदतनीस मुलगी दोघीच समोरासमोर बसलो होतो. त्याच दुपारी मोबाइलवर जाहिरात दिसली, 'रिकामे बेड तुमची चूक नाही, तुमचं गोल, तुमचं ध्येय चुकलंय. वेबिनार फक्त ९९ रुपये.'

इथे लातूरकरांचं एक सांगायला हवं. आमच्या गावानं फी भरून निकाल लागताना पिढ्यानपिढ्या पाहिलेत. अख्ख्या शहराचं अर्थकारण क्लासवर चालतं, माझे यजमानही क्लासमध्येच शिकवतात. त्यामुळे कुणी 'कोर्स' म्हटलं की आमचा हात आपोआप पाकिटाकडे जातो.

वेबिनारनंतर छत्रपती संभाजीनगरला जालना रोडवरच्या एका हॉटेलात दोन दिवसांचं शिबिर. रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं गेले. चाळीसेक जण होते, फिजिओथेरपिस्ट, दंतवैद्य, एक-दोन होमिओपॅथ. एसी इतका कडक की बायका ओढण्या लपेटून बसलेल्या. व्यासपीठावरच्या सरांचा पहिला प्रश्न होता, 'महिन्याला किती पाहिजेत?' मला तेव्हाच खटकायला हवं होतं. तुमच्याकडे पेशंट कसले येतात, किती जण उपचार पूर्ण करतात, मधेच सोडून कोण जातं, यातलं दोन दिवसांत एकानंही विचारलं नाही.

प्रत्येकाला एक 'गोल कार्ड' दिलं. मी दोन लाख लिहिले. सर खाली आले, कार्ड बघितलं, हसले आणि म्हणाले, 'मॅडम, हा आकडा नाही, तुमची भीती बोलतेय.' फाडून टाकलं. नवं कार्ड हातात दिलं. चाळीस माणसं बघत होती. मी पाच लाख लिहिले. टाळ्या पडल्या, फोटो निघाला. प्रवेशाच्या फॉर्मवर बारीक अक्षरात 'छायाचित्र प्रसिद्धीस संमती' असं होतं, हे नंतर कळलं.

त्या रात्री हॉटेलात बसून साधा भागाकार केला असता तर हे सगळं टळलं असतं. पाच लाख भागिले ३०० म्हणजे १,६६७ सिटिंग. पंचवीस दिवसांत रोज ६७. आठ तास काम धरलं तर एका पेशंटला सात मिनिटं. सात मिनिटांत म्हातारं माणूस चप्पल काढून बेडवर चढेपर्यंतच वेळ संपतो. मी हा हिशेब केला, पण चार महिन्यांनी.

फी होती ८५,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,००,३००. 'आज पंधराच जागा.' एवढे पैसे नाहीत म्हटलं तर एक मुलगा लॅपटॉप घेऊन शेजारी बसलाच. 'नो कॉस्ट ईएमआय मॅडम, महिन्याला फक्त ८,३५८.' आधार, पॅन, सेल्फी, ओटीपी. पाच मिनिटांत काम झालं. मला वाटलं मी हप्त्यानं फी भरतेय. प्रत्यक्षात माझ्या नावावर एका फायनान्स कंपनीचं कर्ज निघालं होतं, सगळी रक्कम त्याच दिवशी कोर्सवाल्यांच्या खात्यात गेली होती आणि माझ्या बँकेतून दर महिन्याच्या पाच तारखेला आपोआप पैसे कापायला मी परवानगी दिली होती. हे नीट समजून घ्या, कारण फसवणुकीचा कणा हाच आहे. कोर्स बंद पडो, सर गायब होवोत, तुमचा हप्ता चालूच राहतो. थांबवला तर सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, खराब होतं तुमचं. अशा डिजिटल कर्जात विनादंड माघार घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या नियमानं थोडी मुदत मिळते, करारात 'कूलिंग ऑफ' म्हणून ती लिहिलेली असते. मी तो करार ईमेलमधून उघडून पाहिला तेव्हा दिवाळी आली होती.

कोर्स म्हणजे २४ व्हिडिओ, एक व्हॉट्सॲप ग्रुप आणि रोज रात्री नऊच्या आत भरायची एक एक्सेल शीट. शीट उघडली तर रकान्यांत डॉलरची चिन्हं. एका रकान्याचं नाव 'मेडिकेअर', म्हणजे अमेरिकेतला म्हाताऱ्यांचा सरकारी विमा. कुठल्यातरी अमेरिकन क्लिनिकसाठी बनवलेला माल जसाच्या तसा उचलला होता. तिकडे बऱ्याच पेशंटचं बिल विमा भरतो, त्यांचं वाढीचं गणितच वेगळं. आमच्याकडे ओपीडीतला पेशंट खिशातून तीनशेची नोट काढतो, आणि ती काढण्याआधी सोयाबीनचा भाव बघतो. खोटं कशाला बोलू, त्या शीटमध्ये एक रकाना कामाचा होता : सांगितलेल्या सिटिंगपैकी पेशंट किती आला. तेवढा मी आजही वहीत भरते. एक लाख रुपयांची वही.

जाहिरातींसाठी दिवसाला ५०० रुपये वेगळे. जाहिरातीचं खातं त्यांच्या नावावर, आलेले फोन नंबर त्यांच्याकडे. शिवाय 'बोनस' म्हणून एका आठवड्यात माझ्या गुगल पानावर चाळीस रिव्ह्यू पडले. लिहिणाऱ्यांची नावं अशी की लातूरच्या भर बाजारात, गंजगोलाईत उभं राहून हाका मारल्या तर एक माणूस वळणार नाही. एकानं लिहिलं होतं, 'लिफ्टची सोय उत्तम.' माझं क्लिनिक तळमजल्यावर आहे. महिन्याभरात गुगलनं ते सगळे उडवले, आणि त्यांच्यासोबत माझ्या खऱ्या पेशंटनी लिहिलेले सहासुद्धा.

आणि मग पॅकेज. एकेक सिटिंग विकायची नाही, २१ ची पॅकेज विकायची, पैसे आधी. वाक्यं पाठ करून दिली होती. 'आत्ता केलं नाही तर ऑपरेशन अटळ आहे' हे त्यातलं एक.

हे वाक्य मी औसा तालुक्यातल्या एका बाबांना म्हटलं. दिवाळीनंतरचे दिवस. सत्तरी गाठलेले, दोन्ही गुडघे झिजलेले, पण चालते-फिरते. 'गुडघा लई दुखूलालाय माय, शेक द्या.' अशा माणसाला मी एरवी सहा-सात सिटिंग देते आणि घरचा व्यायाम शिकवते : गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून पाच आकडे मोजेपर्यंत दाबून धरायचं, खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठायचं-बसायचं. गुडघ्याच्या झिजेत मांडीचे स्नायू बळकट करणं हेच मुख्य औषध, मशीन नंतर. पण त्या दिवशी मी ऑपरेशनचं वाक्य बोलले. बाबा घाबरले. २१ सिटिंगचे ६,३०० होतात, 'ऑफर'मध्ये ५,५००. दोन दिवसांनी बाजारात सोयाबीन घालून आले आणि पैसे मोजून टेबलावर ठेवले. त्या हंगामात हमीभाव ४,८९२ होता, त्यांना मिळाला होता चार हजार दोनशे. म्हणजे सव्वा क्विंटलहून जास्त सोयाबीन माझ्या ड्रॉवरमध्ये गेलं.

आठ सिटिंगनंतर बाबा यायचे थांबले. बरं वाटत होतं, आणि तूर काढायला आली होती.

याच सुमारास माझे ९० दिवस संपले. 'पन्नास नवे पेशंट, नाहीतर फी परत' अशी हमी होती. नवे आले होते चौदा. मी परतावा मागितला. उत्तर आलं, 'आपण दोन दिवस शीट भरलेली नाही, त्यामुळे हमी रद्द.' कोणते दोन दिवस? मागे जाऊन पाहिलं, तर सप्टेंबरात महालक्ष्म्या घरी होत्या ते. सोळा भाज्या आणि पुरणाच्या स्वयंपाकात नऊ वाजायच्या आत शीट भरायची राहिली होती. 'पॉलिसीप्रमाणे रक्कम परत होत नाही,' हे वाक्य मराठीत, इंग्रजीत आणि हिंदीत, तीन वेगवेगळ्या माणसांनी मला ऐकवलं.

त्यानंतरच्या आठवड्यात बाबांचा मुलगा आला. शांतपणे म्हणाला, 'म्याडम, तेरा सिटिंग राहिल्यात, बाबा काही येत नाहीत आता. राहिलेले पैसे देता का?' आणि मी म्हणाले, 'पॅकेज परत होत नाही, नियम आहे.' तो काही बोलला नाही. मोबाइल काढला, थोडं वर-खाली केलं आणि स्क्रीन माझ्यापुढे धरली. पिवळा कुर्ता, पांढरं कार्ड.

'तुम्ही महिन्याला पाच लाख कमवूलालाव म्याडम. आमचे तीन हजार तुम्हाला जड झाले का?'

मदतनीस मुलगी बाजूच्या बेडची चादर घडी करत होती, ती तशीच थांबली. मी ड्रॉवर उघडून ३,१०० रुपये दिले. तो फोटो खोटा आहे हे त्याला सांगायचं होतं, पण त्याच्या दृष्टीनं त्यात खोटं काय होतं, ते मला सुचलं नाही. त्या महिन्यात अकराही पॅकेजवाल्यांना फोन करून उरलेले पैसे परत केले, ३४,००० गेले.

आता जे हाताशी लागलं ते सांगते. पावतीवरचा जीएसटी क्रमांक नीट बघा. तो अक्षरं-आकडे मिळून पंधराचा असतो, पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर टाकला की कंपनीचं नाव दिसतं, फुकट. माझ्या पावतीवरचा क्रमांक मोजला तर चौदाच. म्हणजे १५,३०० रुपयांचा जो कर मी भरला, तो कुठल्या सरकारला गेला देव जाणे. फायनान्स कंपनीला लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं. हप्ते मात्र मी भरले, बाराही, कारण पुढे मशीनसाठी बँकेत जायचंय.

आणि ग्राहक आयोग. करारात लिहिलं होतं की वाद फक्त त्यांच्या शहरातल्या न्यायालयात चालेल. मी घाबरून सहा महिने घालवले. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, मुदत दोन वर्षं. समोरच्या वकिलाचं उत्तर आलं की मॅडमनी सेवा धंद्यासाठी घेतली, त्या ग्राहकच नाहीत. त्यावर आमचं म्हणणं असं की स्वतः राबून पोट भरण्यासाठी केलेली खरेदी त्याच कायद्यात 'धंद्यासाठी' धरली जात नाही. निकाल लागायचाय. कोर्स घेतलाच असेल तर व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडण्याआधी सगळं चॅट उतरवून ठेवा. मी रागानं आधी बाहेर पडले, निम्मे पुरावे तिथेच राहिले.

एक सांगायचं टाळत होते. ग्रुपमध्ये योजना होती, 'एक मैत्रीण आणा, पाच हजार परत मिळवा.' माझी कॉलेजची ज्युनिअर परभणीत क्लिनिक चालवते. तिला मीच फोन केला होता, ऑगस्टमध्ये, पहिला हप्ता गेल्याच्या आठवड्यात. 'अगं, मी घेतलाय, तू पण घे.' पाच हजार माझ्या खात्यात जमा झाले. नंतर ते तिला पाठवून दिले, सोबत लांबलचक मेसेज लिहिला. निळ्या खुणा दिसल्या, उत्तर आलं नाही. वर्ष झालं.

आयोगात तक्रार दाखल केल्यावर मी तिला पुन्हा एकदा लिहिलं, की तुलाही करता येईल, मुदत अजून आहे, कागद मी बनवून देते. परवा रात्री तिच्याकडून तिच्या पावतीचा फोटो आला. सोबत एक अक्षर नाही. मी मोठा करून जीएसटी क्रमांक मोजला. तिचाही चौदाच.