‘मूळ टेपवरून’ असं सांगून विकलेली रेकॉर्ड

जुन्या डब (गाण्याचा ताल घेऊन त्यावर प्रतिध्वनीचे खेळ करणारं जमैकन संगीत) आणि जॅझच्या री-इश्यू, म्हणजे पुन्हा काढलेल्या, रेकॉर्ड ऑनलाइन मागवणाऱ्यांसाठी हे लिहितेय. माझे पैसे गेले ते गेलेच, पण ज्या पद्धतीनं गेले ती अजून चालू आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

जाहिरात अशी होती: सत्तरच्या दशकातलं जमैकातल्या किंग्स्टनचं डब, नुकत्याच सापडलेल्या मूळ टेपवरून, पहिल्यांदाच एलपीवर (मोठ्या रेकॉर्डवर), मोजक्याच प्रती. जोडीला पन्नासच्या दशकातला एक जॅझ अल्बम, तोही ‘मूळ टेपवरून नव्यानं’. मी दोन्ही घेतल्या. विश्वास बसायला कारणही होतं, कारण टेपा खरोखरच सापडतात. थेलोनियस मंक आणि जॉन कोल्ट्रेन या जॅझवादकांचा १९५७ चा कार्नेगी हॉलमधला कार्यक्रम व्हॉइस ऑफ अमेरिका या रेडिओनं ध्वनिमुद्रित केला होता. ती टेप २००५ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हाती लागली आणि त्याच वर्षी अल्बम निघाला. कोल्ट्रेनच्या चौकडीचं १९६३ चं एक सत्र घरच्यांकडे राहिलेल्या टेपवरून २०१८ मध्ये बाहेर आलं. अशी उदाहरणं माहीत असली की ‘सापडलेली टेप’ हे शब्द वाचतानाच मन हो म्हणून बसतं. विकणाऱ्यालाही ते ठाऊक असतं.

पार्सल आलं, सील शाबूत होतं, आणि मी ते तसंच कपाटात ठेवलं. निवांत वेळ मिळेल तेव्हा ऐकू म्हणून. तीन महिने गेले. हीच माझी सर्वांत महागात पडलेली चूक, कारण तक्रार करायची मुदत तोवर संपली होती.

डबची पहिली बाजू लावली. बास छान भरदार होता. तिसऱ्या ट्रॅकला एक टक ऐकू आली. पुन्हा टक. धूळ असेल म्हणून रेकॉर्ड धुतली, सुई साफ केली, दुसरं कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) लावून पाहिलं. टक त्याच जागी. मग लक्षात आलं की स्नेअर ड्रमवर प्रतिध्वनी चढतो, दूर जातो, विरतो, पण टक मात्र कोरडीच्या कोरडी राहते. म्हणजे ती मिक्सिंगच्या वेळी तिथे नव्हती, नंतर आलेली होती.

लेबलवर कागदाचा एक बारीक कपटा चिकटवला, फेरा डोळ्यांना दिसावा म्हणून. माझ्या रेकॉर्डवर ओरखडा असता तर दर फेऱ्याला, कपटा त्याच ठिकाणी आला की टक वाजायला हवी होती. तसं होत नव्हतं. कपटा एकीकडे आणि टक भलतीकडे. शेवटी स्टॉपवॉच घेतलं. पहिली टक शून्य धरली, पुढच्या दहा मोजल्या: तेरा सेकंद आणि वर थोडं. तीनदा मोजलं, तेच.

एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद. दहा फेऱ्यांना १८ सेकंद लागायला हवेत. मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या छोट्या रेकॉर्डला, म्हणजे सिंगलला, एका फेऱ्याला १.३३ सेकंद लागतात, दहांना १३.३. माझ्या हातातल्या नव्याकोऱ्या एलपीवर एका जुन्या, ओरखडा पडलेल्या ४५ च्या सिंगलचा आवाज कोरलेला होता. मूळ टेप त्यात कुठेच नव्हती.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी. डबच्या बाबतीत रेकॉर्डवरून नक्कल करणं हा मुळीच गुन्हा नव्हे. डब घडवणारा ध्वनितंत्रज्ञ किंग टबी आणि त्याच्या काळातले लोक आधीच्या गाण्याचा ताल घेऊन फेडर (आवाज कमीजास्त करायच्या सरकपट्ट्या) हातानं खालीवर करत जागच्या जागी मिक्स घडवायचे आणि तो मिक्स बऱ्याचदा सिंगलच्या दुसऱ्या बाजूला जायचा. कितीतरी टेपा नंतर पुसल्या गेल्या, हरवल्या. डबचाच आणखी एक मोठा निर्माता ली पेरी, त्याचा ब्लॅक आर्क स्टुडिओ तर जळाला. त्यामुळे काही संगीत आज फक्त रेकॉर्डवरच उरलंय. प्रामाणिक प्रकाशक चांगली प्रत शोधतात, नीट साफ करून उतरवतात, आणि आवरणावर तसं स्पष्ट लिहितात. त्यांच्याकडून अशी रेकॉर्ड मी आनंदानं घेते. मला टोचलं ते ‘टेप’ हा शब्द खोटा असणं. ज्यांच्या हातून ते संगीत घडलं त्यांच्यापर्यंत यातलं काही पोहोचलं असेल, असंही मला वाटत नाही. परवान्याची एक ओळ अख्ख्या आवरणावर नव्हती.

जॅझच्या रेकॉर्डवर टक नव्हती, पण झांजा बोथट वाटत होत्या. ती संगणकावर घेऊन स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या कंपनसंख्येवर किती आवाज आहे त्याचं चित्र, पाहिला. १६ किलोहर्ट्झच्या जरा वर आवाज सुरीनं कापावा तसा संपलेला होता. असा काप हलक्या दर्जाच्या एमपीथ्रीत दिसतो. एवढ्यावरून पक्कं म्हणता येत नाही, पण पहिल्या रेकॉर्डनंतर मला शंका उरली नाही.

या दुसऱ्या प्रकारात कायदा फारसा कामाला येत नाही. युरोपात ध्वनिमुद्रणाचं संरक्षण पूर्वी ५० वर्षांचं होतं. पुढे ते ७० केलं, पण १९६२ पर्यंत प्रकाशित झालेलं जे आधीच मोकळं झालं होतं ते मोकळंच राहिलं. जॅझचा केवढा तरी खजिना त्यात येतो. त्यामुळे तिथे कुणीही सीडीवरून रेकॉर्ड काढू शकतो. रचनाकारांचं मानधन भरलं की झालं. म्हणून ‘आमचं सगळं कायदेशीर आहे’ या उत्तरानं आवाज कुठून घेतला ते कळत नाही. विक्रेत्यानं मला नेमकं हेच उत्तर दिलं, आणि वर ‘जुन्या रेकॉर्डिंगमध्ये खरखर असायचीच’. मी मोजणी पाठवली. त्यानंतर त्याचं उत्तर आलं नाही.

आता मी आधी विचारते: टेप कोणती, पहिल्या पिढीची (थेट मूळ) की प्रत? कटिंग (साच्यावर आवाज कोरण्याचं काम) कुणी केलं? हक्क कुणाकडून घेतले? लेबलभोवतीच्या कोऱ्या पट्टीचा फोटो मागते. कटिंग करणारा बऱ्याचदा तिथे आपली खूण सोडतो. ब्लू नोट या जॅझ कंपनीच्या जुन्या प्रतींवर ध्वनितंत्रज्ञ रूडी व्हॅन गेल्डरची असते तशी. खूण नसली म्हणजे लबाडीच असं नाही, पण तीनही प्रश्न टोलवणाऱ्याकडून मी काही घेत नाही. आणि सील आल्या दिवशी फोडते, दोन्ही बाजू पूर्ण ऐकते.

ती डबची रेकॉर्ड कुणाला विकायची नाही असं ठरवलंय. चुकून माझ्यामागे कुणाच्या हाती गेलीच, तर त्याला कळावं म्हणून आवरणाच्या आत पेननं लिहून ठेवलंय: ‘४५ च्या सिंगलवरून नक्कल. पहिली बाजू, तिसरा ट्रॅक. मोजून बघा.’