भंगारातल्या सिलिंडरवर चालणारे ओंडकेफोड यंत्र कितपत उपयोगी?

मोडीत निघालेल्या लोडरचा सिलिंडर, पाडलेल्या शेडमधला आय बीम (इंग्रजी I च्या आकाराच्या छेदाची पोलादी तुळई), पाणी उपसण्याच्या जुन्या संचावरून उतरवलेले पेट्रोल इंजिन आणि नवीन घेतलेली मोजकी सामग्री यांतून बांधलेल्या हायड्रॉलिक ओंडकेफोड यंत्राचे हे परीक्षण आहे. यंत्र आमच्या वापरातले आहे आणि वर्षभराचे सरपण त्यावरच फोडले जाते. असे यंत्र पाहायला येणारे बहुतेक जण प्रथम ते किती टनांचे आहे हे विचारतात. मला मात्र त्याच्या कामाचा वेग, त्याचा सांगाडा आणि जुने भाग कोठवर वापरले आहेत या तीन गोष्टींवरून त्याची पारख करावीशी वाटते.

टनांचा हिशेब कोणालाही करता येईल इतका सोपा आहे. सिलिंडरचा आतला व्यास १०० मिलिमीटर असल्यामुळे दट्ट्याचे (पिस्टनचे) क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंटिमीटर भरते आणि रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे दाब मर्यादेवर गेला की तेल सोडून देणारी झडप, १७० बारवर (बार हे दाबाचे एकक) लावलेला असल्यामुळे साधारण साडेतेरा टनांचा रेटा मिळतो. सरळ तंतूंच्या लाकडाला यापेक्षा बराच कमी रेटा पुरतो. पाचर दोन-चार बोटे आत शिरली की ओंडका स्वतःच उकलतो. फांद्या फुटलेल्या जागेचा, तंतू पिळलेला बुंधा मात्र या यंत्राला दाद देत नाही. पाचर रुतते, इंजिनाचा आवाज जड होतो आणि रिलीफ व्हॉल्व्ह शिटी घालू लागतो. अशा वेळी व्हॉल्व्हचा स्क्रू आवळून दाब वाढवण्याचा मोह होतो, पण जुन्या सिलिंडरच्या बाबतीत तो टाळलेलाच बरा. ओंडका फिरवून कडेकडेने फोडत गेल्यास त्यातले बरेचसे लाकूड याच रेट्यात निघते.

कामाचा वेग ठरतो तो पंपावर, आणि या यंत्रातला सर्वांत चांगला निर्णय दोन टप्प्यांचा नवा पंप घेण्याचा आहे. दाब कमी असताना हा पंप मिनिटाला सुमारे ४० लिटर तेल देतो आणि लाकडाचा विरोध वाढताच आपोआप ११ लिटरांवर येतो. ६०० मिलिमीटरची पूर्ण चाल, म्हणजे दट्ट्याचा या टोकापासून त्या टोकापर्यंतचा प्रवास, भरायला ४.७ लिटर तेल लागते, म्हणजे रिकामा दट्ट्या सात सेकंदांत टोकाला पोहोचतो आणि सव्वापाच सेकंदांत परत येतो. तोच पंप पूर्ण वेळ जास्त दाबाच्या टप्प्यावर राहिला असता, तर पुढे जाण्यातच पंचवीस सेकंद गेली असती. उलट बाजूनेही हिशेब करून पाहावा: एकाच टप्प्याच्या पंपाने १७० बारवर ४० लिटर द्यायचे म्हटले, तर वाया जाणारी ऊर्जा धरून जवळजवळ १३ किलोवॉटचे इंजिन लागेल. दोन टप्प्यांच्या पंपाचे काम चारेक किलोवॉटमध्ये भागते. भंगारात सहज मिळणारे छोटे जुने इंजिन येथे पुरते ते याच कारणामुळे. मोटारगाडीच्या पॉवर स्टिअरिंगचा पंप लावून पैसे वाचवण्याचा मार्ग काही जण सुचवतात. त्याचा प्रवाह इतका कमी असतो की दट्ट्या परत येईपर्यंत कुऱ्हाडीने दुसरा ओंडका फोडून व्हावा.

परतीच्या मार्गाकडे घरगुती यंत्रांत हमखास दुर्लक्ष होते. दट्ट्या मागे येताना रॉडच्या (दट्ट्याला जोडलेल्या दांड्याच्या) बाजूला मिनिटाला ४० लिटरांच्या वेगाने तेल शिरते, पण दुसऱ्या बाजूचे क्षेत्रफळ जास्त असल्याने तेथून टाकीकडे मिनिटाला सुमारे ५३ लिटर तेल बाहेर पडते. त्या मानाने परतीचा होज आणि गाळणी अरुंद असल्यास तेल अडते आणि तापते. या यंत्रात दोन्ही ऐसपैस आहेत. टाकी पंपाच्या वर बसवली आहे आणि शोषणाचा होज रुंद, आखूड आणि आतून तारेची गुंडाळी असलेला आहे; पंपाला तेल ओढून घेण्यासाठी झगडावे लागले, की आत पोकळ्या निर्माण होऊन त्याचे गिअर कुरतडले जातात. तेल आयएसओ ४६ या चिकटपणाच्या दर्जाचे आहे. तीस लिटरांची टाकी थंड सकाळी पुरेशी वाटते, पण भर उन्हातल्या सलग कामात ती हाताला चटके देते, तेव्हा ती याहून मोठी हवी होती.

सिलिंडर जुना असला तरी तो घेण्यापूर्वी नीट तपासलेला आहे. रॉडवरच्या क्रोमच्या मुलाम्याला खड्डे पडलेले असतील, तर नवी सीलही थोड्याच दिवसांत फाटतात. म्हणून दर्शनी रंगापेक्षा रॉडवरून नख फिरवून पाहणे अधिक उपयोगाचे. दट्ट्याची सील तपासण्याची रीतही साधी आहे. रॉड टोकापर्यंत बाहेर काढून इंजिन बंद करावे, रॉडच्या बाजूचा होज सोडून त्याचे टोक लांब भांड्यात बांधून ठेवावे आणि मग मागच्या बाजूला दाब द्यावा. सुट्या तोंडातून तेल वाहत राहिले, तर आतून गळती आहे. सील बदलल्यावर हा सिलिंडर घट्ट चालतो.

सांगाड्याबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण हौशी बांधणी फसते ती बहुधा तेथे. सिलिंडरचा अक्ष बीमच्या मध्यरेषेपासून २०० मिलिमीटर वर आहे. पूर्ण रेटा लागतो तेव्हा बीमवर सुमारे २७ किलोन्यूटन-मीटरचा वाकवणारा आघूर्ण (बल गुणिले अंतर) येतो आणि दोन टोके एकमेकांपासून दूर ढकलणारा ताण वेगळाच. २०० मिलिमीटर उंचीचा साधा पोलादी बीम हे सहन करतो. १५० मिलिमीटरचा बीम याच मांडणीत कायमचा वाकण्याची शक्यता आहे. पाचर बीमच्या टोकाला पक्की जोडलेली असून तिच्यामागे त्रिकोणी आधारपट्ट्या आहेत. सिलिंडरचे मागचे टोक मात्र वेल्डिंगने जखडलेले नाही, ते जाड पिनवर आहे, म्हणजे ओंडका तिरका बसला तरी वाकवणारा ताण रॉडवर कमी येतो. ओंडका पाचरीकडे रेटणाऱ्या ढकलपट्टीखालच्या सरकपट्ट्या बदलता येण्याजोग्या असत्या तर बरे झाले असते. त्या झिजू लागल्या आहेत आणि पट्टी किंचित वर उचलते.

होज आणि नियंत्रणाचा व्हॉल्व्ह या दोन ठिकाणी जुना माल वापरायला माझा ठाम विरोध आहे, आणि येथे दोन्ही नवे आहेत. जुन्या होजच्या रबराला आतून तडे गेलेले वरून दिसत नाहीत. १७० बारला सुईएवढ्या छिद्रातून निघणारी तेलाची धार कातडीतून थेट आत घुसते. जखम बाहेरून क्षुल्लक दिसली तरी ती तातडीने शस्त्रक्रिया करण्याची बाब असते. म्हणून गळती हाताने चाचपू नये, पुठ्ठा फिरवून शोधावी. व्हॉल्व्हचा दांडा परतीच्या दिशेला अडकून राहतो आणि दट्ट्या मागे पोहोचताच सुटतो. पुढच्या दिशेला तो धरूनच ठेवावा लागतो. ही गैरसोय मुद्दाम ठेवलेली आहे, आणि दांडा दोरीने बांधून दुसरा हात ओंडक्यावर ठेवणाऱ्याच्या हाती हे यंत्र देऊ नये.

रोजच्या वापरात खटकते ती बीमची आडवी मांडणी. कंबरेच्या उंचीमुळे लहान ओंडक्यांवर काम करताना पाठ दुखत नाही, पण दोन माणसांनाही न उचलणारा बुंधा आला की तो आधी घण आणि पाचरीने दुभंगावा लागतो. पाचर टोकाला असल्यामुळे फुटलेले तुकडे पलीकडे पडतात आणि पुन्हा फोडायचा अर्धा भाग वळसा घालून आणावा लागतो. त्यावर टोकाला एक जाळीचा कट्टा जोडण्याचा उपाय पुरेसा ठरला आहे. बीम उभा करता येईल असा बिजागरीचा सांधा बसवायचा, तर पायथ्याशी रुंद पाट, चाकांची नवी जागा आणि टाकीकडे जाणारे लांब होज हे सगळेच बदलावे लागेल. त्यामुळे मोठे बुंधे नेहमी येत असतील, तर बांधणीला हात घालण्यापूर्वीच यंत्र उभे की आडवे हे ठरवून घ्यावे.