ग्लायोब्लास्टोमा: रेडिएशन सहा आठवडे की तीन?
बायोप्सीत ग्लायोब्लास्टोमा (मेंदूचा आक्रमक कॅन्सर) निघाला आणि पेशंट सत्तरीचा असला, की चंदगड-आजऱ्याकडच्या घरात पहिला प्रश्न पडतो: कोल्हापुरात किती दिवस राहायचं?

लांब कोर्स म्हणजे ३० वेळा मिळून ६० ग्रे (रेडिएशनचा डोस मोजायचं एकक), सोमवार ते शुक्रवार. सोबत टेमोझोलोमाइड ही केमोची गोळी, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. या जोडउपचाराची २००५ ची चाचणी प्रसिद्ध आहे: मध्यक आयुष्य (निम्मे पेशंट याहून जास्त जगतात) १२.१ वरून १४.६ महिने. पण तिच्यात सत्तरीपुढचे पेशंट नव्हतेच, त्यामुळे तो आकडा आजोबांना लावू नये.

छोटा कोर्स १५ वेळांचा, ४० ग्रे. साठीपुढच्या पेशंटमध्ये २००४ साली दोन्हींची तुलना झाली, तेव्हा आयुष्यात ठळक फरक दिसला नाही. उलट छोट्या कोर्समध्ये स्टेरॉइड (मेंदूची सूज कमी करणारं औषध) वाढवावं लागणारे कमी होते. २०१७ मध्ये पासष्टीपुढे याच कोर्सला टेमोझोलोमाइड जोडलं, तर ७.६ चे ९.३ महिने झाले. गाठीतला एमजीएमटी जीन मिथायलेटेड (रासायनिक खुणेने बंद झालेला) असलेल्यांत ७.७ चे १३.५! म्हणून ही तपासणी मागून घ्याच, आणि गाठीचा वॅक्स ब्लॉक (मेणात जपलेला बायोप्सीचा तुकडा) जपून ठेवा.

वय झालेल्या, आधाराशिवाय चालू न शकणाऱ्या माणसाला रोज एसटीने आणण्यापेक्षा तीन आठवडेच बरे. पन्नाशीतल्या धडधाकट पेशंटला मात्र सहाच.

गोळी दोन्हींत उपाशीपोटी, रेडिएशनच्या तासभर आधी. दर आठवड्याला सीबीसी (रक्तपेशींची तपासणी). प्लेटलेट्स लाखाखाली गेल्या तर डॉक्टर गोळी थांबवतात. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने साखर चढते, तरी ते मनाने एकदम बंद करू नका.