१९५/५५ आर१६ : आय२० एन लाइनला कोणते टायर चढवावेत

ह्युंदाई आय२० एन लाइनला कंपनीकडून १९५/५५ आर१६ माप येतं, म्हणजे टायरची रुंदी १९५ मिमी, बाजूची उंची त्याच्या ५५ टक्के आणि रिम १६ इंची. बलेनोच्या वरच्या मॉडेलांनाही हेच माप असल्यामुळे टायर मिळायला अडचण नाही. अडचण निवडीची आहे, कारण दुकानात या मापाचा जो माल असतो तो बहुतेक मायलेज आणि आराम डोळ्यांसमोर ठेवून बनवलेला असतो. एन लाइनचं एक लिटरचं टर्बो इंजिन १२० पीएस आणि १७२ न्यूटन-मीटर टॉर्क देतं, आणि तो सगळा पुढच्या दोन चाकांतून रस्त्यावर उतरतो. ओढ, स्टिअरिंग आणि ब्रेकचा मोठा वाटा त्याच दोन टायरांवर पडतो. म्हणून इथे ‘चालेल कुठलाही’ असं म्हणून भागत नाही.

निकाल आधीच सांगतो. माप तेच ठेवायचं असेल तर पहिली पसंती योकोहामा ब्लूअर्थ-जीटी एई५१. गाडीत शांतता आणि मऊपणा हवा असेल तर मिशलिन प्रायमसी ४ एसटी. घाटात मनापासून गाडी चालवायची हौस असेल आणि थोडा आवाज चालत असेल तर २०५/५५ आर१६ या मापात जाऊन खरा परफॉर्मन्स टायर घ्यावा. १७ इंची रिमच्या वाटेला आपल्या रस्त्यांवर जाऊ नये. आता यामागची कारणं.

एई५१ हा ग्रँड टूरिंग जातीचा, म्हणजे लांबच्या आरामशीर प्रवासासाठीचा टायर आहे, कोरड्या रस्त्यावर चिकटून राहणारा स्पोर्ट टायर नव्हे. तरीही त्याच्या खांद्याचे, म्हणजे कडेचे रबरी ठोकळे भरीव आहेत आणि स्टिअरिंग थोडं वळवलं की गाडीचं नाक लगेच वळतं. मूळ टायरच्या जागी हा चढवल्यावर सर्वांत आधी जाणवतं ते हे, की स्टिअरिंग सरळ असतानाचा ढिलेपणा गेला आहे. पावसात ब्रेक मारताना भरवसा वाटतो. नक्षी असममित आहे, म्हणजे आतली आणि बाहेरची बाजू वेगळी. बाहेरच्या बाजूला ‘आउटसाइड’ असं कोरलेलं असतं. चार टायरांपैकी एखादा उलटा चढवलेला सापडणं ही फार दुर्मीळ गोष्ट नाही, म्हणून गाडी जॅकवरून उतरण्याआधी चारही बाजूंनी फिरून हा शब्द वाचा.

प्रायमसी ४ एसटी शांत आहे, आणि ते खरंच महत्त्वाचं आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासारख्या काँक्रीटवर टायरचा घरघराट डांबरापेक्षा बराच वाढतो, आणि तासन्‌तास तो ऐकणं थकवतं. खड्ड्यांचे दणकेही हा टायर चांगले पचवतो. बदल्यात साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, मऊ लागते. सलग वळणांत, डावीकडून उजवीकडे झटकन गाडी फिरवताना, एक क्षण टायर वाकतो आणि मग गाडी वळते. कुटुंबाची गाडी म्हणून वापर जास्त असेल तर हा उणेपणा बिनमहत्त्वाचा आहे. घाटासाठी एन लाइन घेतली असेल तर तो रोज खटकेल.

कॉन्टिनेंटलचा यूसी६ या दोघांच्या मधे बसतो. ओल्या रस्त्यावर चांगला, स्वभावाने आरामाकडे झुकलेला. गुडइयर अश्युरन्स ट्रिपलमॅक्स २ चा भर ओल्या रस्त्यावरच्या ब्रेकवर आहे. कोकणात किंवा गोव्यात राहणाऱ्यांनी, जिथे चार महिने रस्ता कोरडा दिसतच नाही, त्याचा जरूर विचार करावा. स्टिअरिंगच्या अचूकतेत मात्र तो एई५१ च्या मागे राहतो.

आता मापाकडे. २०५/५५ आर१६ हे जगभर सर्वाधिक खपणाऱ्या मापांपैकी एक, त्यामुळे मिशलिन पायलट स्पोर्ट ४ किंवा ब्रिजस्टोन पोटेन्झासारख्या मालिकांमध्ये ते सापडण्याची शक्यता १९५/५५ पेक्षा जास्त. हिशेब असा: १९५/५५ आर१६ चा बाहेरचा व्यास सुमारे ६२१ मिमी, २०५/५५ आर१६ चा ६३२ मिमी. फरक १.८ टक्के. स्पीडोमीटर आधी जिथे १०० दाखवत होता तिथे आता तो साधारण ९८ दाखवेल. गाडी साडेपाच मिमी वर उचलली जाईल, जे आपल्या गतिरोधकांवर उपयोगीच आहे. गिअरिंग तेवढंच लांबेल, त्यामुळे खालच्या आरपीएमला टर्बो जागा होईपर्यंतची मरगळ किंचित वाढेल. रिमचा प्रश्न येत नाही. दोन्ही मापं साडेपाच ते सात इंच रुंदीच्या रिमवर बसतात. पुढच्या चाकाच्या कमानीतलं आतलं अस्तर स्टिअरिंग पूर्ण वळवून, मागे माणसं बसवून तपासायचं. घासल्याची खूण दिसली तर माप परत मूळचं.

कुणी २०५/५० आर१६ सुचवलं तर नाही म्हणा. त्याचा व्यास ६११ मिमी, म्हणजे गाडी पाच मिमी खाली जाते आणि निवडही वाढत नाही.

१७ इंची रिमबद्दल इतकं ठामपणे सांगण्याचं कारण आकड्यांत आहे. १९५/५५ आर१६ ची साइडवॉल १०७ मिमी उंच असते. २०५/४५ आर१७ मध्ये ती ९२ मिमी उरते. पावसाळ्यात पाण्याखाली लपलेल्या खड्ड्यात चाक ८० च्या वेगाने आदळलं की टायर रिम आणि खड्ड्याची कड यांच्यात चिमटला जातो, आतले धागे तुटतात आणि बाजूला फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो फेकायचाच. पंधरा मिमी रबर कमी म्हणजे हा धोका तितका जवळ. दुसरी बाब भार-निर्देशांकाची. मूळ मापात तो ८७ म्हणजे एका टायरवर ५४५ किलो. २०५/४५ आर१७ च्या साध्या टायरचा ८४, म्हणजे ५०० किलो. दुकानदार हे सांगत नाही. त्या मापात जायचंच असेल तर एक्सएल (जादा भार पेलणारा) असं लिहिलेला ८८ चाच घ्यावा लागतो, आणि एक्सएल टायरला तोच भार पेलायला हवाही थोडी जास्त लागते.

टायरच्या अंगावरचं बाकीचं लिखाण वाचायची सवय लावून घ्या. ८७ च्या पुढचं अक्षर वेगाचं: एच म्हणजे ताशी २१०, व्ही म्हणजे २४० किमी. महामार्गावर आपल्याला १०० च्या आसपासच जायचं आहे, मग व्ही कशाला? कारण वरच्या वेगासाठी मंजूर झालेला टायर उन्हाळ्यात भरल्या गाडीने तासन्‌तास पळताना उष्णता जास्त सहन करतो. गाडीवर चिकटवलेल्या कंपनीच्या माहितीपट्टीवर जे अक्षर आहे त्याच्या खाली कधीही उतरू नका. ही पट्टी ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर असते.

ट्रेडवेअरचा, म्हणजे झिजेचा आकडाही असतो, ३०० किंवा ४०० असा. मोठा आकडा म्हणजे टायर जास्त टिकणार, आणि सहसा रबर कडक. पण हा आकडा प्रत्येक कंपनी स्वतःच ठरवते, म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांची तुलना त्यावरून करता येत नाही. एकाच कंपनीच्या दोन मालिकांसाठी तो उपयोगी. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या (बीईई) तारांकनाचंही तसंच. ते तारे रोलिंग रेझिस्टन्सचे, म्हणजे टायर घरंगळताना होणाऱ्या विरोधाचे, पर्यायाने इंधनाचे असतात. पाच तारे बघून पावसातली पकड गृहीत धरू नका.

मग तारीख. टायरच्या बाजूवर ‘डीओटी’ने सुरू होणारी खूण असते, तिच्यातले शेवटचे चार अंक वाचायचे: १८२५ म्हणजे २०२५ चा अठरावा आठवडा. सहा महिन्यांच्या आतला माल निर्धास्त घ्या. वर्षाहून जुना असेल तर परत पाठवा, सवलत कितीही असो. चारही टायरांच्या तारखा वेगवेगळ्या निघू शकतात, म्हणून एक बघून थांबू नका. जून २०२० पासून टायर आयातीला सरकारी परवाना लागतो, त्यामुळे बाहेरून येणाऱ्या मालिकांचा पुरवठा मधूनच तुटतो आणि जुना साठा पडून राहतो. २०५/५५ मधल्या परफॉर्मन्स टायरच्या बाबतीत ही तपासणी अधिक कडक करा. आयएसआय शिक्का नसेल तर टायर कितीही नामांकित असला तरी नको.

भाव विचारताना जीएसटी धरून विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून कारच्या टायरवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे जुन्या किमतीच्या यादीवरून सौदा करू नका. बिलावर टायरचे अनुक्रमांक लिहून घ्या. वॉरंटीचा दावा त्यावरच चालतो.

चार एकदम बदलणं सर्वांत बरं. फक्त दोनच घ्यायचे असतील तर नवे मागे लावायचे आणि मागचे अर्धवट झिजलेले पुढे आणायचे. पुढची चाकं गाडी ओढतात म्हणून नवे पुढेच लावावेत, असं टायरवाले आग्रहाने सांगतात. पण पाणी साचलेल्या रस्त्यावर मागची चाकं आधी तरंगली तर गाडी गर्रकन फिरते, आणि ते सावरणं सामान्य माणसाच्या आवाक्यातलं नाही. पुढची तरंगली तर गाडी सरळ जाते, वेग उतरला की पुन्हा पकड मिळते. मागे नवे, हाच नियम.

बदलायचे कधी? कायद्याची मर्यादा १.६ मिमी. नक्षीच्या खाचेतले छोटे उंचवटे तेवढ्यावर असतात. पावसाळ्याच्या तोंडावर ३ मिमीच्या खाली गेलेला टायर मात्र बदलावा, कारण नव्या टायरची खाच सुमारे ८ मिमी असते आणि पाणी बाहेर फेकण्याची ताकद शेवटच्या टप्प्यात झपाट्याने घसरते. खोली मोजायचं गेज स्वस्त मिळतं. पुढच्या टायरचा आतला कोपरा मोजायला विसरू नका, तो उभ्याने दिसत नाही.

चढवताना जे बिघडतं ते बहुतेक घाईमुळे. रिकामी रिम बॅलन्सिंग मशीनवर फिरवून घ्या. वाकलेली असेल तर ती तिथेच थरथरताना दिसते, आणि नंतर कितीही वजनं लावली तरी स्टिअरिंगचा कंप जात नाही. हवा मोजणारे सेन्सर व्हॉल्व्हला जोडलेले असतील तर तसं आधी सांगा. टायर सोडवणाऱ्या मशीनचा पाय त्या बाजूला टेकला की सेन्सर तुटतो. साधे रबरी व्हॉल्व्ह असतील तर चारही नवे घ्या. नट हवेच्या गनने नुसते हलके बसवून, मग टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) तिरप्या क्रमाने आवळायचे, साधारण ११० ते १२० न्यूटन-मीटर. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत आहे. गनने जीव खाऊन आवळले तर स्टड ताणले जातात आणि डिस्क वाकडी बसून ब्रेक मारताना पॅडल थरथरतं. ५०-१०० किमीनंतर पुन्हा एकदा रेंच लावून घ्या.

पहिले २०० ते ३०० किमी सांभाळून चालवा. साच्यातून टायर सुटावा म्हणून लावलेला थर वरच्या रबरावर असतो, तो घासला जाईपर्यंत ओल्यात खरी पकड येत नाही. हवा थंड टायरमध्ये, पट्टीवरच्या आकड्याइतकी. नायट्रोजनसाठी पैसे मोजण्याची गरज नाही, साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. दर पंधरा दिवसांनी हवा बघणं जास्त कामाचं.

शेवटी अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, आणि छापील कागद हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. या गाडीच्या सस्पेन्शनमध्ये पुढे मॅकफर्सन स्ट्रट आणि मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकांना जोडणारी एकच तुळई) आहे. सहज जुळवता येतो तो फक्त पुढचा टो, म्हणजे चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन. मागचा टो किंवा कॅम्बर (चाकाचा उभा कल) जुळवायची सोयच नाही. म्हणून मागचा आकडा लाल दाखवत असूनही कुणी ‘तोही केला’ म्हणून वेगळे पैसे मागितले तर देऊ नका. लाल आकड्याचा अर्थ बीम किंवा हब वाकलेला आहे, आणि तो तसाच ठेवला तर नवे टायर १०,००० किमीत एका बाजूने दातेरी झिजून घोंघावायला लागतील.